विहीर सामाईक, मोट ज्याची त्याची

पत्राचा सारांश:
वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारे ३८ वर्षांचे, दालमिलचे मालक. मिल वडिलांनी १९९४ साली उभी केली. सहा वर्षांपूर्वी वडील गेले. आई अजूनही उधारीची वही स्वतःच्या हातानं लिहिते. गावात आता चार दालमिल आहेत. त्यातली सगळ्यात मोठी ज्यांची, ते 'काका' एकेकाळी वडिलांच्याच मिलमध्ये मिस्त्री होते. नऊ वर्षं काम शिकले, २००३ मध्ये बाहेर पडले आणि रस्त्यापलीकडे डाळीची साल काढायचा स्वतःचा रोलर बसवला. तेव्हापासून दोन्ही घरांत लग्नपत्रिका देण्यापुरतंच बोलणं.

मागच्या दिवाळीत हे काका फराळाच्या निमित्तानं घरी आले आणि म्हणाले, चौघं मिळून कलर सॉर्टर, म्हणजे रंग बघून डागी दाणे वेगळे काढणारं मशीन, घेऊ. मशीन, कॉम्प्रेसर, शेड, वीजजोडणी सगळं धरून ४८ लाख, म्हणजे प्रत्येकी १२. जाता जाता हेही म्हणाले, "एकदा एकत्र आलो का तुरीचा भावही आपणच ठरवू. कास्तकार आपल्याले एकमेकायवर खेळवते, ते तरी बंद होईन." पत्रलेखकाला मशीन हवं आहे, पण भीती आहे की वडिलांची पद्धत आणि नागपूर-अमरावतीची गिऱ्हाइकं दोन्ही हातची जातील. आईचं म्हणणं एवढंच: "ज्यानं एक खेप नेलं, तो दुसऱ्या खेपीही नेईन." त्यांचा प्रश्न: हो म्हणू का? आणि आईला काय सांगू?

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे मशीनबद्दल आहे. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की साडेचार पानांपैकी मशीनला तुम्ही जेमतेम एक पान दिलंय, बाकी सगळं २००३ साल आहे. म्हणून आधी त्या सालाबद्दल बोलू, मग मशीनकडे येऊ.

तुम्ही लिहिता, काकांनी 'आमची विद्या चोरली'. तुमच्या बाबांची पद्धत तुम्हीच वर्णन केली आहे. तुरीला रोलरवर ओरखडा देऊन तेल चोळायचं, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग उन्हात पसरायची आणि उचलायची कधी, तर दाणा दाताखाली कट्ट वाजला की. ओला दाणा दबतो, जास्त वाळलेला फुटून कणी होतो. कट्ट त्या दोघांच्या मधला. वाचताना मला तो आवाज ऐकू आला. पण हे ज्ञान कागदावर नव्हतं, जिभेवर आणि दातांत होतं. नऊ वर्षं जो माणूस रोज शेजारी उभा राहून तोच दाणा चावतो, त्याच्या दातांतून ते परत कसं काढून घेणार? कायदाही तुमच्या बाजूनं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम सांगतं की माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. म्हणजे बाबांनी त्यांच्याकडून 'मी कधी दालमिल काढणार नाही' असं लिहून घेतलं असतं, तरी ते टिकलं नसतं. मनाला लागलं ते खरंच लागलं, त्यावर मी काही बोलत नाही. पण त्याला चोरी म्हणत राहिलात, तर आजचा हिशेब नीट दिसणार नाही.

एक बारीक गोष्ट तुमच्याच पत्रात आहे, तुमच्या लक्षात आली की नाही कोण जाणे. तुम्ही लिहिता, पूर्वी रोलरला एमरीचा खरखरीत थर चढवायला अकोल्याला पाठवावा लागे आणि चार दिवस मिल बंद राहायची; आता गावातच कारागीर बसतो. तो का बसतो? चार मिलांचं काम मिळतं म्हणून. एका मिलसाठी तो आला नसता. आजूबाजूच्या ३० गावांचे कास्तकार तुमच्याच गावी तूर आणतात, तेही इथे चार गिऱ्हाइकं उभी असतात म्हणून. काकांनी तुमचं काहीतरी नेलं, आणि त्यांच्या असण्यानं तुम्हाला काहीतरी मिळालंही. वहीच्या दोन्ही बाजू भरा.

आता दुसरी समजूत. काका तुमचे सगळ्यात मोठे स्पर्धक आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. नागपूरचा व्यापारी तुमची डाळ परत करतो तेव्हा ती कुणाच्या डाळीशी ताडून बघतो? तुमच्याच पत्रानुसार अकोल्याच्या सॉर्टेक्स, म्हणजे अशाच मशीननं निवडलेल्या, डाळीशी. अकोला तर दालमिलांचंच शहर. लातूर आहे, मध्य प्रदेशात कटनी आहे, कर्नाटकात कलबुर्गी आहे, जिथल्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शिवाय मे २०२१ पासून केंद्रानं तुरीची आयात खुली केल्यावर मोझांबिक, टांझानिया, मलावी, म्यानमारची तूर बंदरावर उतरते आणि तिथल्या मोठ्या मिलांत दळली जाते. नागपूरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला तुमच्यातला आणि काकांच्यातला फरक माहीतच नाही. त्याला काळे डाग, साल राहिलेला दाणा आणि एखादा खडा तेवढा दिसतो, आणि तो तुम्हा दोघांच्याही डाळीत दिसतो.

मशीनचा हिशेब तुम्ही केलेला नाही, म्हणून मी केला. मी आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होतो, आकडे दिसले की हात थांबत नाही. तुमची मिल सीझनमध्ये दिवसाला ४० क्विंटल डाळ काढते. ज्या सॉर्टरचं कोटेशन पाठवलंत तो तासाला दोन टन करतो. म्हणजे तुमचं दिवसाचं काम दोन तासांत संपलं, उरलेले २२ तास मशीन झाकून ठेवा. वर्षाला १५० दिवस मिल चालते असं तुम्ही लिहिलंय. झाले ६,००० क्विंटल. ४८ लाखांवर ११ टक्क्यांनी व्याज ५ लाख २८ हजार. एकट्यानं घेतलं तर क्विंटलमागे ८८ रुपये नुसतं व्याज, वीज, ऑपरेटर, घसारा वेगळाच. आज अकोल्याला माल नेऊन सॉर्ट करून आणायला भाडं, हमाली धरून तुम्हाला ११० पडतात. एकट्यानं मशीन घ्यायचा विचार इथेच संपतो. चौघांची मिळून २४,००० क्विंटल डाळ त्यातून गेली, तर तेच व्याज २२ रुपयांवर येतं. चौघं सारखीच डाळ काढतात असं मी धरलंय. काकांची मिल मोठी आहे, म्हणजे आकडा याहून बरा निघेल.

एक मधला मार्गही आहे: मशीन काकांनी एकट्यानं घ्यावं आणि तुम्ही त्यांच्याकडे जॉबवर्क, म्हणजे मजुरी देऊन सॉर्टिंग, करून घ्यावं. पैसा अडकणार नाही, हे खरं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळ्यांची तूर एकदम आलेली असताना, आधी कुणाचा माल लागेल हे तेच ठरवतील. तुमच्या दोन घरांचा इतिहास पाहता मला हा मार्ग सगळ्यात वाईट वाटतो.

स्पर्धकांनी असं एकत्र येणं ही काही नवी गोष्ट नाही. १९८७ मध्ये जपानी कंपन्यांनी बाजार खाल्ला म्हणून अमेरिकेतल्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या १४ कंपन्यांनी 'सेमाटेक' नावाची एकत्र संस्था काढली. तिथल्या सरकारनंही वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर घातले. गंमत पुढे आहे. सुरुवातीला कल्पना अशी होती की चिप बनवण्याची रीत सगळ्यांनी मिळून सुधारायची. पण आपली खरी खुबी टेबलावर ठेवायला कुणीच तयार होईना, अगदी तुमच्यासारखंच. मग त्यांनी रोख बदलला: चिप बनवणारी यंत्रं ज्यांच्याकडून सगळेच घेतात, त्या यंत्रवाल्यांना मिळून सुधारायचं. ते जमलं. कारण चांगलं यंत्र सगळ्यांनाच हवं होतं आणि त्यावर काय बनवायचं ते ज्याचं त्याच्याकडेच राहत होतं.

मोटारींतही तेच. टोयोटा आणि फ्रान्सची पूझो-सित्रोएन यांनी चेक प्रजासत्ताकात कोलीन इथे एकत्र कारखाना काढला. २००५ पासून तिथून तीन छोट्या गाड्या निघत: आतून जवळजवळ एकच, तोंडं वेगळी, विकणारे वेगळे. दुकानात एकमेकांचं गिऱ्हाईक पळवत होतेच. आणि २०२१ च्या जानेवारीत टोयोटानं तो कारखाना पूर्ण आपल्याकडे घेतला, भागीदारी संपली, भांडण न होता.

इतक्या लांब जायचीही गरज नाही म्हणा. तुमच्या सातबारावर 'सामाईक विहीर' असेल, नसेल तर शेजाऱ्याच्या असेल. पाणी एक, पाळी ठरलेली, आणि कुणी कापूस भिजवतो, कुणी हरभरा. पीक कुणाचं बरं येतं यावर चढाओढ असतेच. भांडणं पाळीवरून होतात. विहीर सामाईक का, म्हणून कुणी भांडत नाही.

म्हणून तुमच्या 'गुपिता'बद्दल. सॉर्टरच्या तोंडाशी डाळ येते तेव्हा तुमची सगळी कारागिरी होऊन गेलेली असते. दाणे उतरत्या पट्टीवरून घसरतात, कॅमेरा रंग बघतो, डागी दाणा हवेच्या फुंकरीनं बाजूला उडतो. त्यात तेल किती, ऊन किती, हे काही कळत नाही. कळू शकतं ते दुसरंच: तुम्ही किती माल पाठवता, आणि बारदान्यावर छाप कुणाच्या नावाची आहे. तेव्हा मशीनवर माल कोऱ्या बारदान्यात पाठवा, वर फक्त लॉट नंबर. व्यापाऱ्याचा छाप आपल्या मिलमध्ये परत आल्यावर मारा. आणि चौघांकडूनही गोपनीयतेचा करार लिहून घ्या. आपल्याकडे धंद्यातल्या गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, जे काही संरक्षण आहे ते अशा लेखी करारातूनच येतं.

आता काकांचं दुसरं वाक्य, तुरीचा भाव मिळून ठरवण्याचं. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. हे करू नका. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पर्धकांनी संगनमतानं खरेदीचा किंवा विक्रीचा भाव ठरवणं, माल मुद्दाम कमी काढणं, बाजार वाटून घेणं, हे सगळं बेकायदा धरलं आहे. दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते, आणि तेही संगनमत चाललं त्या प्रत्येक वर्षासाठी. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगानं ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६ हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलांत फिरत राहिलं, पण कायद्याचा हात कुठवर पोचतो ते दिसलं. त्याच कलमात, ज्या संयुक्त उपक्रमानं उत्पादन किंवा वितरण सुधारतं, त्याला वेगळी वागणूक दिली आहे. म्हणजे मशीन एकत्र घेणं आणि भाव एकत्र ठरवणं या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकांनी त्या फराळाच्या एकाच ताटात वाढल्या.

आणि कायदा बाजूला ठेवा. तो कास्तकार कोण आहे? तुमच्याच शिवारातला. बाजार समितीच्या हर्रासीत चौघं गप्प उभे राहिले तर पहिल्या आठवड्यात त्याला कळेल, दुसऱ्या आठवड्यात त्याची गाडी कारंज्याला वळेल. काकांना स्पष्ट सांगा: मशीनच्या बैठकीत भाव हा शब्द निघणार नाही. निघाला तर मी उठून जाईन, आणि उठून गेलो हे बैठकीच्या वहीत लिहिलं जाईल. त्यांनी हे मान्य केलं नाही, तर मशीनलाही नाही म्हणा. ही एकच अट अशी आहे जिच्यावर तडजोड करू नये.

बाकीच्या अटींत तडजोड चालेल, पण त्या आधी लिहून ठेवाव्या लागतील. मी हे पोळलेल्या तोंडानं सांगतोय. मी कामाला होतो त्या गावात दोन जिनिंगवाल्यांनी मिळून भरल्या गाड्या तोलायचा धरमकाटा बसवला होता. पैसे निम्मे निम्मे, दोस्ती जुनी. काटा एकाच्या आवारात बसला, कारण त्याची जागा रस्त्याला लागून होती. पहिला सीझन गोडीत गेला. दुसऱ्या सीझनमध्ये रात्री आठनंतर त्याचं फाटक बंद व्हायला लागलं. चौकीदार म्हणे, मालकाचा हुकूम. दुसऱ्याच्या कापसाच्या गाड्या रात्रभर रस्त्यावर. प्रकरण कोर्टात गेलं आणि काट्यावर शेळ्या बसू लागल्या. हिशेब मीच ठेवत होतो. पैशाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. नडली ती जागा.

म्हणून जागा चौघांपैकी कुणाचीही नको. भाड्यानं घ्या, पण तिसऱ्याची घ्या. ऑपरेटर बाहेरचा ठेवा, त्याचा पगार सामाईक खात्यातून. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर आठवड्याला एक घर पुढे सरकवा, म्हणजे सकाळची पाळी कायम एकाचीच राहणार नाही. एक लॉट संपला की मशीन झाडून घेतल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. तुमच्या डाळीत काकांची कणी आली तर पहिलं भांडण तिथेच. आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात नसते, ती म्हणजे उडवलेला माल कुणाचा? त्या रिजेक्टमध्येही बराच चांगला दाणा असतो, तो दुसऱ्यांदा फिरवावा लागतो, उरलेला चुनीबरोबर, म्हणजे जनावरांना घालायच्या भरड्याबरोबर, विकला जातो. लिहून ठेवा: ज्याचा लॉट, त्याचाच रिजेक्ट, त्याच्याच पोत्यात परत. हे नाही लिहिलं, तर ऑपरेटर ते विकेल आणि चौघं एकमेकांकडे बघत बसतील.

निघून जाण्याची वाटही आत्ताच ठरवा, नातं बरं आहे तोवर. वाटा विकायचा तर आधी उरलेल्या तिघांना विचारायचं, किंमत बाहेरचा मूल्यांकनकार ठरवेल, पैसे इतक्या महिन्यांत द्यायचे. भागीदारी पेढीऐवजी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, किंवा छोटी कंपनी करा. साध्या भागीदारीत एकानं केलेलं कर्ज चौघांच्या घरापर्यंत येऊ शकतं. हे सगळं तालुक्याच्या सीए कडून करून घ्या, माझ्या पत्रावरून नको.

अनुदानाबद्दल तुम्ही विचारलंय. जिल्हा उद्योग केंद्रात जा. केंद्राची लघुउद्योग समूह विकास योजना आहे, तिच्यात सामूहिक सुविधा केंद्राला मदत मिळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या योजनेत एकट्या उद्योजकाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत मिळत आलं आहे. सामूहिक सुविधांचे निकष वेगळे. तुम्ही चौघं कोणत्यात बसता ते तिथे लेखी विचारून घ्या. पण अनुदान शून्य धरून गणित जमतं का, ते आधी बघा. नुसत्या अनुदानासाठी जमलेली मंडळं मी पाहिली आहेत. शेडवर नामफलक असतो आणि दाराला कुलूप.

तरीही लगेच १२ लाख काढू नका. या सीझनला एक छोटी गोष्ट मिळून करा: अकोल्याला सॉर्टिंगसाठी जाणारा ट्रक चौघांचा एक करा. भाडं वाटून घ्या, पाळी ठरवा, हिशेब एका वहीत. तीन महिने. ट्रकवर कोण पाळी पाळतो, कोण हमालीचे पैसे द्यायला चार दिवस लावतो, कुणाची पोती ऐनवेळी जास्त निघतात, हे सगळं दिसेल. काका कसे आहेत हे २००३ वरून ठरवण्यापेक्षा या मार्चवरून ठरवा.

ट्रक नीट चालला, तर मशीनच्या आधी आणखी एक काम करता येईल, जवळजवळ फुकटात. तुमच्याकडे येणारी तूर मिसळलेली असते: पांढरी बीडीएन-७११, लाल बीडीएन-७१६, पीकेव्ही तारा, कुणाची जुनी मारोती. प्रत्येकीची साल वेगळी निघते, उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणारी डाळ, वेगळा पडतो. चौघांनी एकेका वाणाचा उतारा एकाच पद्धतीनं, एकाच ओलाव्याला मोजून लिहिला, तर एका सीझनमध्ये जे कळेल ते एकट्याला चार वर्षं लागतील. तो कागद घेऊन अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जा. 'पीकेव्ही मिनी दालमिल' ज्यांनी तयार केली, त्यांना असे खऱ्या मिलमधले आकडे हवेच असतात. मग कास्तकाराला पेरणीआधी सांगता येईल की अमुक वाण वेगळा ठेवून आणला तर आम्ही जास्त मोल देऊ. किती जास्त, ते प्रत्येकानं आपलं आपण ठरवावं. वडिलांची दातांची परीक्षा तुम्हाला लाखमोलाची वाटते, मलाही वाटते. पण काकांनी या २०-२२ वर्षांत स्वतःच्या मिलमध्ये काय नवं शोधलं, हे तुम्ही कधी विचारलंच नाही. त्यांची मिल तुमच्याहून मोठी झाली ती काही फक्त बाबांच्या विद्येवर नाही.

राहिली आई. "ज्यानं एक खेप नेलं" हे त्यांचं वाक्य तुम्ही हट्ट म्हणून लिहिलंय. मला तो हट्ट वाटत नाही. ३० वर्षं उधारीची वही लिहिणारी बाई माणसं पैशावरून ओळखते. कोण सांगून चुकवतो, कोण न सांगता, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना समजावत बसू नका. काका नऊ वर्षं तुमच्याकडे होते तेव्हा त्यांनी उचल घेतली असेल. ती त्यांनी जाताना फेडली होती का, एवढंच विचारा. ते पान त्यांच्याकडे नक्की असेल. आणि ट्रकची वही ठेवायला माणूस शोधायच्या आधी तिघांना सांगून बघा की ती तुमच्या आईकडे राहील. काकांच्या कपाळावर आठी पडते का ते बघा.